पहिली जर्मन तलवार घेताना
सिंहमुखी मुठीच्या चकचकीत तलवारींच्या नादी आत्ताच लागू नका, त्यांत नकला फार. प्रशियाच्या (जर्मन साम्राज्यातलं सर्वात मोठं राज्य) पायदळ अधिकाऱ्याची 1889 च्या नमुन्याची तलवार बघा. पितळी मुठीच्या जाळीत गरुड असतो, पकडीवर कैसर (जर्मन सम्राट) दुसऱ्या विल्हेल्मची मुद्राक्षरं. गरुडाचे पंख बोटाने चाचपा: अस्सल ओतकामात पिसांच्या रेषा रेखीव लागतात, नकलेत बहुधा बुळबुळीत. मग पात्याच्या मुळाशी झोलिंगेन या पात्यांसाठी प्रसिद्ध जर्मन शहरातल्या कारखान्याची खूण शोधा. राजाचं आणि शिरस्त्राणधारी सरदाराचं डोकं शेजारीशेजारी दिसलं, तर ती वेयर्सबर्ग-किर्शबाउमची. घरी आणल्यावर ब्रासो? अजिबात नाही! पात्यावर मूळ निळाई किंवा सोनेरी मुलामा असेल, तर तो घासून गेला की गेलाच. मऊ कापडाने पुसा, तेलाचा हलका हात फिरवा, बस.