स्लॅग सिमेंट म्हणजे भेसळीचे सिमेंट असते का? घराच्या स्लॅबसाठी ते वापरावे का?

भेसळ नव्हे. हा शब्द वाचला म्हणूनच उत्तर लिहायला बसले, कारण सिमेंटच्या प्रयोगशाळेत 19 वर्षे काढूनही मला तो घरातच ऐकावा लागला आहे.

झोतभट्टीत लोखंडावर तरंगणारी, सुमारे 1500 अंश सेल्सिअस तापमानाची वितळलेली मळी, म्हणजेच स्लॅग, सावकाश निवू दिली, तर तिचा रस्त्याखाली घालण्यापुरता दगड होतो. पाण्याच्या झोताखाली ती झटकन गार केली, तरच काचेसारखे वाळूएवढे दाणे मिळतात आणि चुन्याच्या सोबतीने पाण्यात घट्ट होण्याचा गुण त्या दाण्यांत असतो; जर्मनीत एमिल लांगेन यांच्या हे 1862 मध्येच लक्षात आले होते. हा चुना क्लिंकरकडून, म्हणजे साधे सिमेंट ज्या भाजलेल्या गोळ्या दळून करतात त्यांच्याकडून, मिळतो. भारतीय मानक 455 मध्ये अशा सिमेंटात 25 ते 70 टक्के स्लॅग घालण्याची मुभा आहे. भेसळीला कोणी मानक लिहीत नाही.

अलिबागजवळ, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमचे सासरचे घर बांधताना माझ्या आग्रहाने स्लॅग सिमेंट आणले. खांबांचे शटरिंग उतरवले, तर आत हिरवट-निळे डाग. थोरले दीर, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, गवंड्यांसमोरच म्हणाले, "कारखान्याचा कचरा घरात आणलास." स्लॅगमधल्या गंधकाच्या संयुगांमुळे असा रंग येतो आणि हवा लागली की तो जातो, हे मी सांगितले, कारण प्रयोगशाळेत ताकद तपासायला फोडलेला अशा काँक्रीटचा प्रत्येक क्यूब (ठोकळा) आतून तसाच दिसतो. तरीही त्यांनी एक खांब पाडायला लावला. उरलेले खांब काही आठवड्यांत नेहमीसारखे राखाडी झाले. पाडलेल्या खांबाचा तुकडा मी दोन महिन्यांनी फोडला, तेव्हा तो बाहेरून राखाडी आणि आतून हिरवा होता. सात दिवसांच्या क्यूबच्या ताकदीचा आकडा कमी आला, तेव्हा दादा "बघ" म्हणाले होते. 28 दिवसांचा आकडा चांगला आला, तेव्हा त्यांना तो बघायला वेळ नव्हता. खाऱ्या हवेत सळ्या गंजतात त्या काँक्रीटमधून आत झिरपणाऱ्या, मिठातल्या क्लोराइडमुळे, आणि स्लॅगचे काँक्रीट ती वाट बरीच अरुंद करते. म्हणून किनाऱ्यावर साधे सिमेंट वापरण्याचा हट्ट मला अजूनही कळत नाही.

मात्र तुमचा गवंडी चार दिवस पाणी मारून निघून जाणारा असेल, तर हे सिमेंट घेऊ नका. साध्या सिमेंटला किमान सात दिवस पाणी मारतात, याला किमान दहा आणि कोरड्या उन्हाळ्यात चौदा दिवस मारावे; स्लॅबचे टेकूही घाईने काढू नयेत, कारण सुरुवातीची ताकद सावकाश येते. तुमचे गाव किनाऱ्यावर आहे की आत, हे तुम्ही लिहिलेले नाही. आत असेल आणि काम घाईचे असेल, तर साधे सिमेंटही चालेल, एवढे मी दादांच्या बाजूने मान्य करते. तो तुकडा अजून माझ्या कपाटात आहे.