पोपटानं खाल्लं की काणीनं?

प्रश्न : सोयाबीनच्या कडेला घरी खायपुरती अर्धा एकर ज्वारी पेरली. कणसं जागोजागी रिकामी आहेत. शेजारी म्हणतात पोपटांचं काम, बाबा म्हणतात काणी, म्हणजे कणसाचा बुरशीरोग. पोपटांवर काही औषध टाकता येईल का? आणि दोघांत जास्त वाईट कोण? – एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, आधी एक कणीस अंगठ्यानं चोळा. पोपटाचं असेल तर नुसती टरफलं उरतात आणि धुऱ्यावर अर्धवट कुरतडलेले दाणे पडलेले असतात. तो खातो कमी, पाडतो जास्त. काणी असेल तर दाण्याच्या जागी राखाडी, टोकाशी निमुळती पिशवी दिसेल. चोळली की अंगठा काजळात बुडवल्यासारखा काळा. ती भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू.

मला विचाराल तर पोपट परवडला. लहानपणी माळ्यावर बसून मी गोफण फिरवली आहे, डबा वाजवून घसा बसवला आहे. पण पाखरू दिसतं, हाकललं की उडतं. काणी आपणच पेरतो. मळणीत पिशव्या फुटतात, भुकटी चांगल्या दाण्यांना चिकटते. तेच दाणे बी म्हणून पेरले की बुरशी कोंबात शिरते, आणि धांडा मात्र हिरवागार. कणीस निसवेपर्यंत पत्ता लागत नाही. आमच्याकडे एका वर्षी कणगीतलं घरचंच बी पेरलं होतं. वडील आठवडाभर पाखरांना शिव्या देत होते. काळा हात आईनं दाखवला.

पोपटाला विष अजिबात नको, १९७२च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. सकाळ-संध्याकाळ वावरात माणूस हवा. खरी अडचण अशी की, सगळीकडे सोयाबीन आणि मधे तुमची अर्धा एकर ज्वारी, म्हणजे गावभरच्या पाखरांना एकच पंगत. पूर्वी शिवारभर ज्वारी असे, नुकसान वाटून जाई. पुढच्या साली दोघातिघांनी लागून-लागून, एकाच वेळी पेरा.

काणीची कणसं मळणीआधी पिशवीत घालून काढा, जाळा. या वावरातलं बी ठेवू नका. पेरताना किलोभर बियाण्याला ३०० मेशचं, म्हणजे अगदी बारीक दळलेलं, गंधक ४ ग्रॅम चोळा, खर्च चहापाण्याइतका. अख्खं कणीसच काळा झुबका झालं असेल तर ती दुसरी काणी, मातीत राहणारी. तिथं गंधकानं भागत नाही, पीक बदलावं लागतं.

अंगठा काळा झाला तर बाबांचं खरं. नाही झाला तर शेजाऱ्यांना चहा पाजा.