मोतीबिंदूच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नव्याने आलेल्या डॉक्टरला

आधी आयोडीन नीट शिक. पापण्यांच्या त्वचेला १० टक्के, पापणीच्या आत डोळ्याच्या पृष्ठभागावर ५ टक्के पोविडोन आयोडीन हे जंतुनाशक. पृष्ठभागावरचं किमान ३ मिनिटं राहू दे, घड्याळ बघून. भुलीची जेल त्याआधी घालू नकोस, तिच्या थराखाली जंतू वाचतात. अँटिबायोटिकला सरावतात तसे जंतू आयोडीनला सरावत नाहीत, म्हणून ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

ऑपरेशनच्या शेवटी डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात मॉक्सिफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक ०.५ मिलिग्रॅम, ०.१ मिलिलिटरमध्ये. मात्र प्रतिरोधक स्यूडोमोनास हा जंतू त्याला दाद देत नाही, आणि तो द्रावणातून, नळ्यांतून, मशीनमधल्या ओलाव्यातून येऊ शकतो. द्रावणाच्या बाटलीचा बॅच क्रमांक प्रत्येक केसपेपरवर लिही. एकाच दिवशीच्या दोन रुग्णांना संसर्ग दिसला, तर ओटी बंद.

ऑपरेशननंतर दुखणं वाढलं, नजर उतरली तर थेंब वाढवून वाट पाहू नकोस. काचद्रवाचा (डोळ्याच्या आतल्या जेलीसारख्या द्रवाचा) नमुना कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला, घे आणि त्याच बैठकीत काचद्रवातच दोन अँटिबायोटिक दे: व्हँकोमायसिन १ मिलिग्रॅम, सेफ्टाझिडिम २.२५ मिलिग्रॅम. सिरिंज वेगवेगळ्या, एकत्र केलं तर साका होतो.

घरी जाताना रुग्णाला स्पष्ट सांग: हळूहळू कमी करायचे ते स्टिरॉइडचे थेंब. अँटिबायोटिकचे ठरल्या दिवशी एकदम बंद, कारण अपुऱ्या मात्रेत चिवट जंतूच तेवढे उरतात.