वाचकांचे प्रश्न: हलके बूट रानात किती टिकतात?

प्रश्न: सर नमस्कार, मी जांबोटीकडचा. काजूची बाग आहे आणि पक्षी बघायचा नाद, त्यामुळं आठवड्यातून दोन-तीन दिवस रानात असतोच. जावयानं बाहेरून हंटिंग बूट आणलेत, जोडीचं वजन किलोभर पण नाही, पायात काय घातलंय असं वाटतच नाही बघा. पण गावातले म्हणतात असले कापसासारखे बूट एक पावसाळा काढणार नाहीत, आपला गमबूटच बरा. खरं काय?
(एक वाचक, जांबोटी)

उत्तर: नावात हंटिंग आहे म्हणून बिचकू नका, शिकार आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं बंद आहे, बूट मात्र रानात चालायलाच केलेले असतात. आणि गावातल्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे.

मी असेच बूट दोन वर्षं वापरले. दुसऱ्या पावसाळ्यात कणकुंबीच्या वर चढताना उजव्या बुटाचा सोल पुढून सुटला आणि पाऊल टाकलं की बेडकानं तोंड उघडावं तसा उघडायला लागला, शेवटी सुतळीनं बांधून चोर्ल्याच्या रस्त्यापर्यंत आलो. बेळगावात मोच्याकडं नेला तर तो म्हणाला, ओ सर, टाका मारू कुठं, आत सगळा फोमच हाय की. ते खरंच आहे. बऱ्याच जड चामडी बुटांचा तळ शिवलेला असतो, झिजला की नवा बसवता येतो, हलक्याचा सोल नुसता सोल्युशननं चिकटवलेला असतो. वजन कमी केलंय ते इथंच.

तुम्ही रोज तीन जागा बघा. बोटांच्या मागं बूट वाकतो तिथली घडी, कापडाला पहिली चीर तिथंच जाते. दुसरी चवड्याची कड, आपला जांभा म्हणजे कानसच, पुढचा टाका आधी घासतो, म्हणून तिथं रबराची पट्टी वर चढलेली असेल तर बूट जास्त चालतो. तिसरी म्हणजे सोल आणि वरचा भाग यांच्यातला सांधा, नखानं दाबून बघा, केसाएवढी फट दिसली की लगेच चिकटवून घ्या, उद्या बघू म्हटलं की गेलाच.

आता पाणी. आत वॉटरप्रूफ पडदा असेल तर नवीन असताना पाणी आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जायला बाहेरची हवा कोरडी लागते, आणि जुलैत आपल्याकडं कोरडी हवा कुठून आणायची? पाय आतूनच ओला होतो. शिवाय ओढा ओलांडताना वरून पाणी शिरलं की तोच पडदा ते बाहेर सोडत नाही, बादलीच होते. मला तर पावसाळ्यात पडदा नसलेला, जाळीचा बूट बरा वाटतो, भिजतो पण निथळतो. घरी आल्यावर चिखल धुवा, आतलं इनसोल काढा, जुना पेपर कोंबा आणि दोन तासांनी बदला. चुलीजवळ मात्र ठेवू नका, सोल्युशन मऊ पडतं. (आमच्या घरात हे तीनदा सांगून झालंय.)

जपून ठेवू नका हे पण सांगतो. बऱ्याच बुटांच्या सोलमध्ये पॉलियुरेथेनचा फोम असतो, तो दमट हवेत वर्षानुवर्षं नुसता ठेवला तरी आतून सडतो आणि एक दिवस पापडासारखा तुटतो. ईव्हीए नावाचा दुसरा फोम असतो, तो असा सडत नाही, पण दबून बसतो, मग टाच दुखायला लागते.

गमबूट लावणीला, चिखलाला, जळवांना झकास. चढावर नको, टाच आत सरकते आणि फोड येतात. पाठीवर पंधरा-वीस किलो घेऊन जायचं असेल तर हलका बूट पण नको, तळ वाकतो आणि प्रत्येक खडा पायाला कळतो. दुर्बीण, पाण्याची बाटली आणि भाकरी एवढंच असेल तर जावयाचेच बूट घाला.

प्रश्न: हलके बूट घेताना नंबर नेहमीचाच घ्यावा का?
(एक वाचक, निपाणी)

उत्तर: संध्याकाळी जा, तेव्हा पाय फुगलेले असतात, आणि रानात घालणार तेच जाड मोजे घालून बघा, सुती नको, लोकरीचे किंवा सिंथेटिक. लेस न बांधता पाय पुढं सरकवा, टाचेमागं एक बोट गेलं पाहिजे. मग दुकानाच्या पायऱ्या उतरा. उतरताना अंगठा पुढं टेकला तर अर्धा नंबर वाढवा, दुकानदार "घालून सैल होतात ओ" म्हणाला तरी.