स्वतःच्या कुलचिन्हावर इनुकशुक घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की आर्क्टिकचं वेड आहे, स्वतःचं कुलचिन्ह काढून घ्यायचंय, तर ढालीवर ध्रुवीय अस्वल आणि इनुकशुक, म्हणजे आर्क्टिकमधल्या इनुइट लोकांची दगडी खूण, चालेल का. अस्वल खुशाल घ्या. इनुकशुकावर मी तरी फुली मारेन.

उत्तरेकडचे प्राणी हेराल्ड्रीत, म्हणजे कुलचिन्हांच्या शास्त्रात, नवे नाहीत. युनिकॉर्नचं ते पीळदार शिंग म्हणजे मुळात नार्व्हाल या देवमाशाचा दात! युरोपात तो एकशिंगी घोड्याचं शिंग म्हणून सोन्याच्या भावाने खपायचा; १६३८ मध्ये ओले वॉर्म या डॅनिश वैद्याने बिंग फोडलं. घोडा खोटा ठरला, ढालीवरून मात्र हलला नाही.

अस्वल घेणार असाल तर पंजा आधी ठरवा. ग्रीनलंडने १९८९ मध्ये आपलं चिन्ह म्हणून स्वीकारलेल्या, चित्रकार येन्स रोसिंगच्या चित्रात अस्वलाचा डावा पंजा वर आहे, कारण अस्वल डावखुरं असतं अशी तिथली समजूत. डेन्मार्कचं सरकार त्याच अस्वलाचा उजवा पंजा वर दाखवतं. चित्रकाराला सांगितलं नाहीत, तर तो बिनदिक्कत उजवा काढून मोकळा होईल.

इनुकशुकाची गोष्ट वेगळी. दगडावर दगड रचून केलेली ही खूण वाट दाखवते, शिकारीची जागा किंवा साठवलेलं मांस कुठे आहे ते सांगते. हातपाय पसरलेला जो दगडी माणूस आपण सगळीकडे बघतो तो खरं तर इनुनग्वाक. व्हँकुव्हरच्या २०१० च्या ऑलिंपिक बोधचिन्हाने तो जगभर नेला, आणि काही इनुइट लोकांना ते खटकलंही. नुनावुत या कॅनडातल्या इनुइट प्रदेशाच्या १९९९ च्या गोल ढालीवर इनुकशुक आहे, पण शेजारी कुल्लिकही आहे: सीलच्या चरबीवर जळणारा, घर ऊबदार ठेवणारा दगडी दिवा. ती त्यांच्या घरातली वस्तू. २०२१ मध्ये कॅनडाच्या पहिल्या इनुइट गव्हर्नर जनरल झालेल्या मेरी सायमन यांच्या कुलचिन्हावर ‘अजुइन्नाता’, म्हणजे हार न मानणं, हा इनुक्तितुत या इनुइट भाषेतला शब्द ब्रीद म्हणून आहे. तो त्यांच्या घरच्या भाषेतला. तुमच्यामाझ्या ढालीवर तो उसना दिसेल.

फूल चालणार असेल तर आर्क्टिक पॉपी बघा. फिकट पिवळं, दिवसभर सूर्याकडे तोंड फिरवत राहणारं. काढायला सोपं, आणि अंगठीवर कोरलं तरी ओळखू येईल.