वाडगा मधोमध कापून पाहा

प्रश्न : मी बारावीला विज्ञान शाखेत शिकते. गेली दोन वर्षे दर शनिवार-रविवारी मातीकामाच्या एका स्टुडिओत चाकावर काम करते आहे. माझ्या वाडग्यांच्या बुडाला वाळताना किंवा पहिल्या भाजणीनंतर ‘एस’ अक्षरासारखा तडा जातो. शिवाय मी जे घडवते ते व्हिडिओत पाहिलेल्या भांड्यांसारखेच होते. मला पुढे सिरॅमिकच शिकायचे आहे. त्यासाठी निर्दोष अशी किती भांडी दाखवावी लागतील? विज्ञान सोडणे आईबाबांना पटत नाही.
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : तड्यापासून सुरुवात करू, कारण तुझ्या बाकीच्या प्रश्नांची वाटही तिथूनच जाते. मातीचा गोळा उघडून, म्हणजे मधोमध दाबून खोलगट करून, भिंत वर घेताना भिंतीची माती बोटांमध्ये चांगली दाबली जाते, पण बुडाची माती सैल राहते. त्यात तळाशी साचलेले पाणी टिपले नाही, तर ती अधिक ओली राहून अधिक आकसते. भिंत वाळून ताठ झालेली असते आणि बूड मागाहून आकसू लागते, तेव्हा ते मधोमध फाटते. पुण्याच्या पावसाळ्यात, वरून पंख्याचा वारा आणि खाली ओली फळी अशी स्थिती असली, की हे हमखास घडते. म्हणून गोळा उघडल्यावर बूड मध्यापासून कडेपर्यंत आणि परत मध्यापर्यंत दोन-तीनदा दाबून घे, पाणी स्पंजने टिप आणि काठ हाताळण्याइतका घट्ट झाला, की वाडगा उपडा करून प्लास्टिकखाली सावकाश वाळू दे.

मात्र बूड खरोखर किती जाड राहिले आहे, हे कापल्याशिवाय कळत नाही. मी शिकत असताना माझा पहिला मनासारखा वाडगा शिक्षकांनी चाकावरच तारेने वरपासून खालपर्यंत कापला. मला रडू आले. मग अर्धा भाग त्यांनी माझ्यासमोर धरला : काठ पापडासारखा पातळ, पोटाशी नकळत आलेला फुगवटा आणि भिंत जिथे बुडाला मिळते त्या कोपऱ्यात करंगळीएवढी माती तशीच बसलेली. बाहेरून यातले काहीही दिसत नव्हते.

तूही दर आठवड्याचा सर्वांत चांगला वाडगा असाच काप आणि त्याचा छेद वहीत मूळ मापाने काढ. शेजारी मातीचे वजन, ओल्या वाडग्याचा व्यास आणि तारीख लिही. त्याच वजनाचा दुसरा वाडगा भाजून पुन्हा मोज. स्टोनवेअरची, म्हणजे खूप जास्त तापमानाला भाजायची, माती पक्क्या भाजणीपर्यंत साधारण १० ते १२ टक्के आकसते, म्हणजे १५ सेंटिमीटरचा वाडगा सुमारे साडेतेरावर येतो. हा फरक एकदा स्वतः मोजला, की तो हातात बसतो.

नकलेचे कारणही मला इथेच दिसते. व्हिडिओत भांड्याची बाहेरची रेषा दिसते, म्हणून हात तीच गिरवतो. त्याऐवजी आपल्या कुंभारांचे काम जवळ उभे राहून पाहा. चाकावरून जाड भिंतीचे लहान भांडे उतरते आणि मग आतून दगडाचा आधार देत बाहेरून थापीने ठोकत माठाचे पोट वाढवले जाते. ती गोलाई थापीची आहे, हे पाहताना लक्षात येते. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व संग्रहालयात महाराष्ट्रातल्या प्राचीन जोर्वे संस्कृतीची, सुमारे ३००० वर्षांपूर्वीची भांडी आहेत. तांबड्या अंगावर काळी चित्रे, खांद्याशी ठसठशीत कोन आणि लांब तोटी. त्यांच्यासमोर वही घेऊन बस आणि आतली भिंत कशी वळली असेल, याचा अंदाज करून छेद काढ. चुकला तरी चालेल. तो अंदाज तुझा स्वतःचा असेल.

आता प्रवेशाविषयी. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत (स्थापना १८५७) सिरॅमिकचा विभाग आहे आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत सिरॅमिक व काच हा विषय आहे. राज्याच्या कला प्रवेश परीक्षेत वस्तुचित्र आणि स्मरणचित्र काढावे लागते. डिझाइन संस्थेच्या प्रवेश परीक्षेच्या दुसऱ्या टप्प्यात समोर दिलेल्या साहित्यातून काही घडवून दाखवावे लागते. निर्दोष भांड्यांची संख्या यांपैकी कुठेही निर्णायक नसते. जिथे काम पाहिले जाते, तिथे दहा गुळगुळीत वाडग्यांपेक्षा छेदांची ही वही आणि तिच्याबरोबर तीन-चार भांडी मी निःशंकपणे पुढे ठेवीन. शिवाय नेमाने छेद काढणाऱ्या हाताला वस्तुचित्राची भीती राहत नाही. यंदाचे नियम मात्र संस्थांच्या अधिकृत सूचनांमधूनच तपास.

आईबाबांना सांग, की या दोन्ही वाटांना बारावीची कोणतीही शाखा चालते, तेव्हा हे वर्ष विज्ञान सोडण्याची गरजच नाही. पुढे ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, शिकताना सिलिका, फेल्डस्पार आणि ऑक्साइडे यांच्याशी रोजचा संबंध येतो; तांब्याचे ऑक्साइड भट्टीत भरपूर हवा असताना हिरवे आणि हवा कमी असताना लाल का होते, हे तुला रसायनशास्त्राच्या आधारे सहज उमजेल.

तडा गेलेले वाडगेही टाकू नकोस. प्रत्येकाचे बूड तड्यापाशी मोजून तो आकडा वहीत त्याच्या चित्राखाली लिही, आणि पुढच्या पत्राबरोबर त्या पानाचा फोटो मला पाठव.