इंग्लंडमधल्या खेड्यातल्या जुन्या पबमध्ये स्थानिक एल आणि जेवण घ्यायचं असेल तर काय बघावं, काय मागवावं?

तुम्ही लिहिलंय की मुलाकडे इंग्लंडला जाताय, एक दिवस खेड्यातल्या जुन्या पबमध्ये जायचंय. दोघांनाही स्थानिक एल, म्हणजे तिथली पारंपरिक बिअर, चाखायची आहे. तुम्ही बीफ खात नाही, पत्नी शाकाहारी, तिला अंडंही चालत नाही. आणि कुणीतरी सांगितलंय की तिथली बिअर कोमट आणि गॅस गेलेली असते. या शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण ती कळली की पब कुठला निवडायचा हे निम्मं ठरतं.

पारंपरिक पबमधली एल पिंपात जिवंत असते. ब्रुअरीतून (बिअरच्या कारखान्यातून) निघताना तिच्यात यीस्ट असतं, पबच्या तळघरात ती आणखी थोडी आंबते आणि त्यातून होणारा गॅस तेवढाच तिच्यात राहतो. लागरसारखा (आपल्याकडे मिळते ती नेहमीची गार, फेसाळ बिअर) बाहेरून गॅस भरत नाहीत, म्हणून बुडबुडे कमी आणि बारीक. तळघर 11 ते 13 अंशांवर ठेवतात. म्हणजे माठातल्या पाण्यापेक्षा गार, फ्रिजमधल्या बाटलीइतकी गार नाही. याहून गार केली तर माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि हॉप्सचा (कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) वास दबून जातो. ग्लास हाताला खरोखर कोमट लागला तर मात्र तो पबचा दोष, परंपरा नव्हे.

नेहमीचं पिंप म्हणजे फर्किन: 9 गॅलन, 72 पाइंट (पाइंट म्हणजे पबमधला एक मोठा ग्लास), साधारण 41 लिटर. ते आडवं ठेवून पाचरींनी पक्कं करतात. वरच्या बुचात आधी सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकतात. तिच्यातून जादा गॅस फेसासकट सुसू करत बाहेर येतो. जोर ओसरला की कठीण लाकडाची घट्ट खुंटी बसवायची आणि गाळ पोटाशी बसेपर्यंत एक-दोन दिवस पिंपाला हात लावायचा नाही. इथे घाई झाली की बिअर गढूळ येते. सच्छिद्र खुंटी रात्रभर तशीच राहिली तर गॅस उडून ती मेलेली लागते. विक्री सुरू झाल्यावर जितकी बिअर बाहेर, तितकी हवा आत, म्हणून लावलेलं पिंप तीन दिवसांत संपायला हवं. आपल्याकडे सकाळची गोड ताडी दुपारनंतर कशी चढत आणि आंबत जाते ते माहीत असेल, तर हे वेगळं समजावायला नको.

आता हिशोब करा. 72 पाइंट तीन दिवसांत, म्हणजे एका पिंपाचे रोज 24. सहा हँडपंप (काउंटरवरचे बिअर ओढायचे दांडे, एका पिंपाला एक) असतील तर रोज 144 पाइंट खपले पाहिजेत. पाच-पन्नास घरांच्या गावात मंगळवारी एवढं गिऱ्हाईक कुठून येणार? म्हणून लहान गावात दोन-तीनच हँडपंप असलेला पब मी डोळे झाकून निवडेन. आणि जायचं ते शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार यादरम्यान. सोमवारी कित्येक गावातले पब उघडतच नाहीत.

पब शोधायला कॅम्रा या ग्राहक संघटनेची गुड बीअर गाइड घ्या. ही संघटना 1971 पासून याच जिवंत एलसाठी झगडते आहे आणि पबांची निवड स्थानिक सभासद करतात. दारापाशी कास्क मार्कची पाटी असेल तर तिथल्या एलचं तापमान, रूप, वास आणि चव तपासलेली असते. पबच्या नावाच्या पाटीवर फ्री हाउस लिहिलेलं असेल तर मालक कुठल्याही ब्रुअरीची बिअर ठेवू शकतो. एखाद्या ब्रुअरीचं नाव असेल तर पब सहसा तिच्याशी बांधलेला असतो. बांधलेला पब वाईट असं मुळीच नाही. ऑक्सफर्डशरमध्ये हुक नॉर्टन (1849 पासूनची ब्रुअरी), ससेक्समध्ये लुईसची हार्वीज, यॉर्कशरमध्ये मॅशमची थीकस्टन, या ब्रुअऱ्यांच्या आसपासच्या गावांत त्यांचीच एल ताजी मिळते. डॉर्सेटला जाणं झालं तर वर्थ मॅट्रॅव्हर्सचा स्क्वेअर अँड कंपास बघाच. तिथे काउंटर नाही, भिंतीतल्या खिडकीतून ग्लास हातात देतात, सोबत पेस्टी (सारण भरून भाजलेली मोठी करंजी) मिळते.

आत गेल्यावर टेबलाशी बसून वेटरची वाट बघू नका. काउंटरवर जायचं, मागायचं, तिथेच पैसे द्यायचे. रांग दिसत नाही, पण कोण आधी आलं हे आतल्या माणसाच्या आणि उभ्या असलेल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं असतं. नोट हलवू नका, हाक मारू नका, नजरेला नजर मिळाली की पुरे. चौघं असाल तर चौघांचं एकाने आणायचं, पुढच्या खेपेला दुसऱ्याने. ड्रिंकवर टिप देत नाहीत.

हँडपंप म्हणजे आपल्या हापशाचाच भाऊ, काउंटरवर उभा लांब दांडा. त्यावरच्या पट्टीवर एलचं नाव आणि अल्कोहोलचा टक्का असतो. पट्टी उलटी फिरवलेली दिसली तर ते पिंप संपलंय किंवा अजून तयार नाही. विचारायचा प्रश्न एकच: आज कुठली जास्त खपतेय? दोनांत अडलात तर घोटभर चव मागा, बहुतेक ठिकाणी आनंदाने देतात. पूर्ण पाइंट 568 मिलिलिटरचा, अर्धा 284 चा. दोघांनी एकेका पाइंटऐवजी प्रत्येकी दोन वेगळे अर्धे घेऊन अदलाबदल केली तर तेवढ्याच दारूत चार एल चाखून होतात. सुरुवात बिटरने करा: तांबूस, कडवट, साधारण साडेतीन ते चार टक्क्यांची. माइल्ड काळसर आणि मवाळ असते, गोल्डन एल हलकी आणि फुलांच्या वासाची. काळी पोर्टर शेवटी, नाहीतर जिभेवर तिचाच ताबा राहतो. इंडिया पेल एलच्या नावातला इंडिया म्हणजे जहाजाने मुंबई-कलकत्त्याला यायची ती बिअर. ती कडक असेल असं धरून चालू नका, हँडपंपावर ती चार टक्क्यांच्या आतलीही असते.

भरताना बघत राहा. पंप चांगला असेल तर एका ओढीला साधारण अर्धा पाइंट येतो. उत्तरेकडे नळीच्या टोकाला बारीक छिद्रांची टोपी असते. ग्लासात दुधाळ ढग उठतो, तळापासून वर निवळत जातो आणि सायीसारखा फेस उरतो. दक्षिणेत टोपी सहसा नसते, फेस पातळ. दोन्ही बरोबरच. फेस फारच जास्त वाटला तर भरून मागा, हक्क आहे तुमचा.

बिघडलेली एल ओळखणं सोपं आहे. शिरक्यासारखी आंबट: पिंप फार दिवस लावलेलं. ओल्या पुठ्ठ्याचा वास: हवा लागून शिळी. वितळलेल्या लोण्यासारखा वास: बहुधा आंबवण पुरं झालेलं नाही किंवा नळ्या घाण आहेत. उघडल्या उघडल्याचा पहिलाच पाइंट बेचव असेल तर तो रात्रभर नळीत राहिलेला. चांगला मालक तो आधीच ओतून टाकतो. दोन घोटांतच परत न्या, अर्धा ग्लास रिकामा करून नव्हे. हळू आवाजात सांगितलं की बदलून देतात.

पत्नीसाठी सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक कास्क (म्हणजे पिंपातली) एल निवळायला आयसिंग्लास वापरतात, आणि ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनतं. यीस्टला चिकटून ते तळाशी बसतं, पण शाकाहारी माणसाला हे माहीत असायलाच हवं. अनफाइंड (आयसिंग्लास न घातलेली) किंवा व्हीगन एल कुठली, हे नेमक्या याच शब्दांत विचारा. अनफाइंड एल थोडी धुरकट दिसते, तो दोष नाही. लागर किंवा बाटलीतली घ्यायची झाली तरी हाच प्रश्न विचारा.

जेवण साधारण 12 ते 2 आणि 6 ते 9 एवढंच मिळतं. रविवारी दुपारी रोस्ट (भाजलेलं मांस, भाज्या आणि ग्रेव्हीचं ताट) असतो, त्यासाठी टेबल आधी राखा. त्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघर बहुतेक बंद. काउंटरवर जेवण सांगताना टेबलाचा नंबर लागतो, तो आधी बघून ठेवा.

पत्नीसाठी हॅमशिवाय प्लाउमन्स उत्तम: चेडरचा जाड तुकडा, पाव, लोणी, शिरक्यातला कांदा, चटणी, सफरचंद. बिटरबरोबर याला तोड नाही. त्यात उकडलेलं अंडं किंवा मेयोनेज लावलेला कोबी येऊ शकतो, म्हणून आधीच नको सांगा. काही चीजचं दूध वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, तेही विचारून घ्या. रोस्टबरोबर येणाऱ्या यॉर्कशर पुडिंगमध्ये (पिठाचा फुगलेला, भाजलेला पाव) अंडं असतं. पालेभाजीची किंवा मशरूमची पाय (सारणावर पिठाचं कवच घालून भाजलेला पदार्थ) मिळाली तर वरच्या पिठाला अंड्याचा हात लावलाय का ते विचारा.

तुम्हाला स्टेक अँड एल पाय नको हे उघड आहे, पण बीफ लपून येतं ते दोन ठिकाणी. सुएट म्हणजे बहुधा गायीबैलाच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी, ती काही पुडिंगांत आणि स्ट्यूमधल्या डंपलिंगमध्ये (पिठाच्या गोळ्यांत) असते. आणि यॉर्कशरकडे काही पब चिप्स बीफच्या चरबीत तळतात. चिकन रोस्ट मागवलात तरी ग्रेव्ही कशाची आहे ते विचारा; मोठ्या रोस्टच्या दिवशी एकच ग्रेव्ही सगळ्यांच्या ताटात जाते. मासे चालत असतील तर फिश अँड चिप्स घ्या, तेल तेवढं विचारून.

परतीचं आधी ठरवा. चार टक्क्यांचा पाइंट म्हणजे सुमारे 2.3 युनिट (10 मिलिलिटरचं एक) अल्कोहोल, आणि गावातली शेवटची बस अनेकदा संध्याकाळीच सुटते. गाडी चालवणाऱ्याने एकही घेऊ नये. गावात टॅक्सी उभ्या नसतात, म्हणून येतानाच परतीची सांगून ठेवा. घंटा वाजली की शेवटची ऑर्डर. दुसऱ्यांदा वाजली की विक्री बंद, हातातला ग्लास संपवायला साधारण वीस मिनिटं देतात. उठताना रिकामे ग्लास काउंटरवर नेऊन ठेवलेत तर तिथल्या लोकांना बरं वाटतं.